कच्चा लिंबू

बत्ताशाला चेंडू आणून देता येत नव्हता असं नाही. त्याला ते पटत नव्हतं. चेंडू फेकला की तो तीरासारखा सुटायचा, चार ढांगांत गाठायचा, तोंडात धरून एकदा झटकायचा आणि तिथेच टाकून माळाकडे बघत उभा राहायचा. मग चेंडू आणायला मी पळायचे. पुन्हा फेकायचे, पुन्हा तेच. ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली आजी हे सगळं बघत असे. "आगं, कुत्रं तुला शिकवतंय का तू कुत्र्याला?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता सुपात मान घालायची.

आमचं घर विट्याचं. घराला लागून मागाचा कारखाना, त्याच्या मागे बाभळी-बोरींचा माळ. यंत्रमागाच्या खडखडाटात कुत्रं टिकत नाही असा आप्पांचा समज होता, म्हणून आमच्याकडे कुत्रं नव्हतं. मी पाचवीत असताना जतेकडचा एक धनगर माडग्याळी मेंढरं घेऊन माळावर उतरला. त्याच्या कारवानी कुत्रीला पिल्लं झाली होती. जाताना त्यातलं एक तो आमच्या दारात ठेवून गेला. "आण्णा, ह्येला बांधून घालू नका. पळायला न्हाय मिळालं तर ह्ये घर खाईल," एवढीच त्याची ताकीद. दुधात थोडा चहा पडावा तसा पिल्लाचा रंग. आजीने त्याला बत्ताशा म्हटलं, आणि ते नाव कुणाला बदलावंसं वाटलं नाही.

कारवानी म्हणजे लांबोडकं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट आणि अंगावर मांस कमी. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा "ह्याला खायला घालता का नाही?" असं विचारायचा आणि आई दर वेळी दुखावायची. याच जातीला मुधोळचं कुत्रं म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, वाढवली आणि थेट पंचम जॉर्जपर्यंत नेली. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हिमालयी मेंढीकुत्रा, रामपूर आणि राजापालयम यांच्या जोडीला मुधोळही होतं. आप्पांनी ते तिकीट चष्मा वर करून न्याहाळलं आणि "आपला जास्त देखणा होता" एवढंच म्हणाले. तेव्हा बत्ताशा जाऊन काही वर्षं झाली होती.

तर, चेंडू. पुष्कळ वर्षांनी रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं म्हणणं वाचनात आलं आणि बत्ताशाचं वागणं मला पहिल्यांदा नीट कळलं. शिकार ही एक साखळी असते: हेरायचं, नजर रोखायची, दबत जायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं, फाडायचं. माणसाने कुत्र्याच्या जाती घडवताना या साखळीतली एखादी कडी वाढवली, एखादी झिजवून टाकली. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर रोखणं आणि दबत जाणं वाढवलं. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी ओढायचे, निसटलेले मासे धरून आणायचे; त्याला तोंडात अलगद धरून आणून देण्यातच धन्यता. कारवानीत पाठलागाची कडी सगळ्यांत जाड. पळणारा ससा हा त्याच्या लेखी खेळ. थांबलेला चेंडू म्हणजे मेलेला ससा. तो मालकाला कशाला आणून द्यायचा? मालकाला पाय आहेत.

ससा मात्र आम्ही त्याला देऊ शकत नव्हतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकारही गुन्हा आहे, आणि आप्पा कायद्याला आणि त्याहून जास्त आजीला भिऊन असत. प्रश्न मिटवला काकांनी. त्यांनी एक लांब वेळू घेतला, त्याच्या टोकाला मागावरच्या टाकाऊ सुताची वेणी बांधली आणि वेणीच्या शेवटी चिंधी. अंगणाच्या मधोमध उभं राहून ते वेळू जमिनीलगत गोल फिरवू लागले. चिंधी सरपटायची, मध्येच थबकायची, एकदम उलटी फिरायची. बत्ताशाचं सगळं अंग ताठ झालं आणि मग तो जो सुटला, तो मी त्याआधी कधी पाहिलेला बत्ताशा नव्हता. धावताना पाठीची कमान व्हायची, मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडायचे, आणि एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असायचे. काकाच आधी दमायचे.

या खेळाचे नियम आम्हाला हळूहळू कळत गेले. चिंधी जमिनीलगतच ठेवायची. उंच उचलली की कुत्रं हवेत वळून उडी घेतं आणि सांध्यांवर येतं. शेवटी ती त्याला पकडू द्यायचीच. नुसतंच पळवलं आणि हाती काही लागू दिलं नाही, की तो संध्याकाळभर चिडचिडा असायचा, मांजराच्या सावलीवरसुद्धा धावून जायचा. (भिंतीवर लाल ठिपका नाचवणारा लेसरचा दिवा आता खेळणं म्हणून विकतात. तो पाहिला की मला त्या संध्याकाळी आठवतात. ठिपका कुणाच्या दाताखाली कधीच येत नाही.) चिंधीचा रंगही महत्त्वाचा निघाला. लाल चिंधी हिरव्या गवतात त्याला धड दिसायची नाही, पिवळी आणि निळी लांबून दिसायची. कुत्र्याच्या डोळ्यात रंगांच्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, निळा-पिवळा त्याला कळतो, लाल-हिरव्यात त्याचा घोटाळा होतो. हे शास्त्र आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पिवळ्या सुताचा भाव तेवढा घरात वधारला. आणि जेवण झाल्यावर पळवणं बंद. गुरांच्या डॉक्टरांनी आप्पांना बजावलं होतं, खोल छातीच्या कुत्र्याचं भरलेलं पोट फिरून पीळ बसू शकतो, मग काही खरं नसतं.

पण हे झाले घरच्यांशी खेळ. बत्ताशाला खरी हौस गल्लीच्या डावात शिरायची. लगोरीत त्याला घेणं अशक्य होतं, कारण लगोर फुटली की चेंडू ज्याच्याकडे, त्याच्याकडे तो. आणि चेंडू एकदा त्याच्या तोंडात गेला की डाव संपला. लंगडीत तो सगळ्यांना बाद करायचा. शेवटी पोरांनी ठराव केला: बत्ताशा कच्चा लिंबू. म्हणजे खेळेल सगळ्यांत, राज्य त्याच्यावर कधीच येणार नाही. त्याची या ठरावाला हरकत नव्हती.

लपाछपीत या कच्च्या लिंबाने आमचं जिणं हराम केलं. मी कणगीमागे लपले की हा येऊन कणगीसमोर बसायचा, शेपूट हलवत. राज्य असलेल्याला शोधायचं कामच उरायचं नाही. दोन दिवस त्याला आत कोंडून पाहिलं, तर दाराशी असा रडायचा की आजीच येऊन कडी काढायची. मग दादाने डोकं लढवलं: राज्यच त्याला देऊन टाकू. एकाने त्याला धरायचं, बाकीच्यांनी लपायचं, आणि मग "शोध!" म्हणून सोडायचं. सुरुवातीला जवळ लपलो, हाका मारल्या, सापडलं की भाकरीचा तुकडा दिला. महिन्याभरात तो मागाच्या शेडपासून आडापर्यंत सगळ्यांना हुडकू लागला.

त्याचं हुडकणं बघण्यासारखं होतं. तो मुळात नजरेने शिकार करणाऱ्यांतला. माळाच्या टोकाला कुणी हललं तरी मान वळायची, पण चार हातांवर बाभळीला टेकून दगडासारखी उभी असलेली मी त्याला दिसायची नाही. तो माझ्यासमोरून जायचा, परत यायचा, वैतागायचा. मग काहीतरी उमजल्यासारखं नाक खाली लावायचा, आणि त्यानंतर सुटका नसायची. नाक असून ते वापरायचं त्याला उशिरा सुचायचं, आणि सुचलं की चेहऱ्यावर इतकी ऐट यायची की जणू नाकाचा शोध त्यानेच लावला. सगळ्यांत शेवटी तो आजीला शोधायचा. आजी लपलेली नसायचीच, ओट्यावर बसलेली असायची. पण तिच्याकडे भाकरी असते हे त्याला माहीत होतं.

रस्सीखेचीवरून मात्र घरात दोन तट होते. सुताचा जाड पेड घेऊन त्याच्याशी ओढाओढी करायला मला आवडायचं. आप्पांचं म्हणणं, ओढा, पण कुत्र्याला जिंकू देऊ नका, डोक्यावर बसेल. हा समज जगभर होता, त्यात आप्पांचं काही चुकलं नाही. 2002 साली इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना रस्सीखेचीत कधी जिंकू दिलं, कधी हरवलं आणि फरक पाहिला. जिंकलेली कुत्री शिरजोर झाली नाहीत. त्यातली मुळात खेळकर होती ती मात्र जिंकल्यावर आणखी खेळ म्हणून जास्त मागे लागली. बत्ताशा जिंकला की पेड घेऊन पळून जायचा नाही, परत आणून माझ्या मांडीवर आपटायचा. चेंडू न आणणारं हे कुत्रं दोरी मात्र आणायचं, कारण दोरीला दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं. आम्ही एकच नियम पाळला: "सोड" म्हटलं की सोडायचं, आणि सोडल्याबद्दल काहीतरी मिळायचं. पहिल्या पावसात त्याने आईची चप्पल पळवली तेव्हा हा नियम चांगला कामी आला.

खेळात तो अप्पलपोट्या नव्हता. खेळायचं मनात आलं की पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवून मागची बाजू उंच करायचा. कुत्र्यांच्या दुनियेत याचा अर्थ, आता जे होईल ते खोटं-खोटं, राग मानू नका. हा नमस्कार तो शेजारच्या म्हशीलाही घालायचा. म्हशीने कधी दखल घेतली नाही. पुढच्या गल्लीत एक मरतुकडं गावठी पिल्लू आलं होतं. त्याच्याशी खेळताना हा एवढा मोठा गडी आपण होऊन उताणा पडायचा आणि त्याला गळ्याशी झोंबू द्यायचा. आमच्या दादाला मात्र धाकट्यांकडून हरणं शेवटपर्यंत जमलं नाही.

वस्तूंची नावं शिकवायचा नाद दादालाच होता. दोरी, कांडी, चप्पल. बत्ताशाला "दोरी" त्याच दिवशी कळली, "चप्पल" कळून त्याने न कळल्याचं दाखवलं, आणि रिकामी कांडी त्याला कधीच उचलावीशी वाटली नाही. अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्रज्ञाने चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला 1022 खेळण्यांची नावं शिकवली, हे 2011 मध्ये जाहीर झालं. दादाने ते मला फोन करून सांगितलं, जरा दुखऱ्या आवाजात.

मी कॉलेजला सांगलीत गेले, काका सुरतेला गेले, वेळू माळ्यावर गेला. बत्ताशाचे मागचे पाय धरू लागले. पळणं आधी कमी झालं, मग थांबलं, आणि न पळणारं कारवानी कुत्रं फार अवघडलेलं दिसतं. धनगराची ताकीद त्याने म्हातारपणी खरी केली. दाराची चौकट कुरतडली. उपाय आजीकडूनच आला, तोही नकळत. तिने भाकरीचा तुकडा उपड्या वाटीखाली ठेवला, शेजारी आणखी दोन रिकाम्या वाट्या ठेवल्या आणि नातवंडांना करतात तशी वाट्यांची अदलाबदल केली. बत्ताशाने डोळ्यांनी बघायचा प्रयत्नच केला नाही. तिन्ही वाट्या हुंगल्या आणि बरोबर वाटीवर पंजा ठेवला. आजीने डाव कठीण केला: भाकरीचे बारके तुकडे जुन्या गोधडीच्या घड्यांत दडवायचे आणि गोधडी त्याच्यापुढे टाकायची. तो अर्धा-अर्धा तास नाकाने घड्या उलगडत बसायचा आणि संपलं की दमून झोपायचा, वेळूमागे पळून यायचा तसाच. दोन पावसाळे ही गोधडी चालली. तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी तो गेला. माळावर बोरीखाली त्याला पुरलं. आजी त्यानंतर गोधडी धुवून स्वतः पांघरू लागली.

दादा आता पुण्यात राहतो. त्याच्या लेकीकडे कॉफी नावाचा लॅब्रेडॉर आहे, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. "आत्या, हा दिवसभर चेंडू आणतो गं, माझा हात गळून येतो," ती रडकुंडीला आली होती. मी तिला म्हटलं, याचा चेंडू काढून घेऊ नकोस, आणून देणं हा त्याचा पिढीजात धंदा आहे. फक्त त्याला नाकाचंही काम दे. मग लपाछपी दाखवली. कॉफीने भाचीला बाथरूममधून, मला पडद्यामागून आणि दादाला पेपरामागून काढलं. दादा खेळतच नव्हता, पण त्याने तक्रार केली नाही. संध्याकाळी विट्याहून आणलेली गोधडी अंथरली आणि घड्यांत भाकरी दडवली. कॉफीने पाच मिनिटांत सगळे तुकडे शोधले, खाल्ले, आणि मग शिस्तीत गोधडीचं एक टोक खायला घेतलं. आम्ही तिघं एका बाजूला, कॉफी दुसऱ्या बाजूला, आणि रस्सीखेच सुरू झाली. "सोड" हा शब्द त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

"ताई," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोन आणा. एक त्याला, एक आम्हाला."