सिंगल कोअर झिंदाबाद!

आपल्या पिढीचा फंडा एकदम क्लिअर आहे. कॉम्प्युटर स्लो झाला? नवा घ्या! ईएमआय आहेच. ऑफिसात तर आयटीवाल्याला एक मेल टाकला की काम झालं. पण आतल्या मेमरीचा हिशोब बदलून जुनंच मशीन पळवता येतं, हे मला कळलं ते २०१९च्या ऑगस्टमध्ये. सांगलीत.

त्या महिन्यात कृष्णा मारुती चौकात शिरली आणि मामांचं छपाईचं दुकान पाण्याखाली गेलं. दोन्ही कॉम्प्युटर बाद. गणपती तोंडावर, मंडळांच्या पावती पुस्तकांच्या ऑर्डरी घेतलेल्या, ॲडव्हान्सचा कागद आणलेला आणि त्या कागदाचा लगदा झालेला. साताऱ्याकडून सांगलीला एरवी पाणीच येतं. त्या वर्षी पाठोपाठ मावशीच्या माळ्यावरचा कॉम्प्युटरही आला. पोत्यात गुंडाळून, एसटीने. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम.

"ह्याच्यावर काय हुतंय गं?" मामा म्हणाले.

मामेभाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने लिनक्स टाकलं आणि थेट कर्नललाच हात घातला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मुकादम. कुणाला किती मेमरी, कुणाला कधी प्रोसेसर, हे तो ठरवतो. मी पडले मास कॉमवाली, म्हणून त्याने स्वयंपाकघरातून समजावलं. "ताई, एका ओट्यावर चार आचारी असले की मिठाचा डबा एकाच्या हातात असताना बाकीच्यांनी थांबायचं. त्यासाठी कुलपं लागतात. इथं आचारीच एक. कुलूप कशाला?" म्हणून त्याने कर्नल बनवताना एसएमपी, म्हणजे अनेक प्रोसेसरची सोय, बंद केली.

दुसरं, ३२-बिट कर्नल साधारण ८९६ एमबीपर्यंतची रॅम थेट हाताळतो. त्यापुढे 'हाय मेमरी'ची वेगळी व्यवस्था लागते. इथं ५१२च, म्हणून तीही बंद. तिसरं, 'स्वॅपिनेस'. रॅम भरत आली की प्रोग्रामची पानं किती उत्साहाने हार्ड डिस्कवर ढकलायची, याचा हा आकडा. मुळात ६० असतो. त्याने १० केला, कारण डिस्क बैलगाडीच्या चालीची. शिवाय सेव्ह केलेला मजकूर थोडा थोडा, लवकर डिस्कवर उतरवायचा, म्हणजे ढीग साचून मशीन अडकत नाही.

जादू वगैरे काही झाली नाही. ब्राउझर उघडला की मशीनला धाप लागायचीच. पण युनिकोड मराठीत पावत्या जुळवता आल्या, मिरजेच्या एका प्रेसमधून छापून आल्या आणि २ सप्टेंबरला गणपती बसायच्या आत मंडळांच्या हातात पडल्या. ॲडव्हान्स परत करायची वेळ आली नाही.

दिवाळीनंतर नवा क्वाड-कोअर आला. ६४-बिट, ८ जीबी. इथं हिशोब उलटा! एसएमपी हवंच, हाय मेमरीचा प्रश्नच नाही. कर्नल प्रत्येक कोअरसाठी मोकळ्या पानांची छोटी यादी वेगळी ठेवतो, म्हणजे प्रत्येक आचाऱ्याला स्वतःचा मसाल्याचा डबा. भावाने कशालाच हात लावला नाही. अर्थात हे एका दिवसात झालेलं नाही. १९९६च्या लिनक्स २.० मध्ये एसएमपी आलं तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप होतं. ते पूर्ण निघायला २०११ उजाडलं.

आता वारं जुन्या मशीनच्या विरुद्ध आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. त्याच वर्षी लिनक्सच्या शेड्युलरमधली सिंगल प्रोसेसरसाठीची वेगळी वाटही काढून टाकली गेली. डेव्हलपर मंडळींचंही चूक नाही. दोन-दोन वाटा कुणी सांभाळायच्या? पण नवं मशीन तीन महिन्यांनी परवडणाऱ्याला मधले तीन महिने कशावर तरी काढावेच लागतात.

तेव्हा बॉस, माळ्यावरचा डबा भंगारात द्यायच्या आधी त्यात रॅम किती, कोअर किती, एवढं तरी बघून घ्या. भंगारवाला किलोचा भाव देईल. मामांना त्याच डब्याने अख्खा सीझन दिला.