मधला दुवा

काही वस्तू घरात इतकी वर्षे राहतात की, त्या आहेत हेच आपण विसरून जातो. वसईतील आमच्या घराच्या ओटीवर, खिडकीलगतच्या लाकडी कपाटावर ठेवलेला ॲम्प्लिफायर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले कमरेइतके उंच स्पीकर ही अशीच एक विसरलेली मालमत्ता. १९८६ साली पप्पांनी दिवाळीच्या बोनसमधून ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली. एकेक स्पीकर लोकलच्या मालडब्यातून, असे दोन शनिवार त्यांनी खर्ची घातले. मी तेव्हा आठवीत होतो. पप्पा तरुणपणी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत त्यांना तडजोड चालत नसे. रविवारची मिस्सा आटोपून घरी आलो की, आधी रेकॉर्ड लागे आणि मग चहा होई.

पुढे रेकॉर्डच्या जागी कॅसेट आल्या. २००५च्या सुमारास कॅसेट डेक बिघडला आणि दुरुस्तीला सुटे भाग मिळेनासे झाले. त्या दिवसापासून ॲम्प्लिफायर मुका झाला. त्याच्यावर फुलदाणी आली, स्पीकरवर लग्नांचे फोटो आले. दरवर्षी नाताळच्या साफसफाईत त्यांची धूळ पुसली जाई, एवढाच काय तो त्यांचा मान.

दरम्यान घरात प्रत्येकाच्या हाती फोन आला आणि संगीत खिशात मावू लागले. संध्याकाळी कुणीतरी एखादे गाणे लावी, सगळे फोनभोवती जमत, हसत, दाद देत. पप्पांच्याही कानाजवळ फोन धरला जाई. ते क्षणभर ऐकत, ‘छान आहे’ म्हणत आणि उठून व्हरांड्यात जाऊन बसत. वयाने त्यांना विरक्ती आली आहे, असा मी सोयीस्कर समज करून घेतला होता. माणूस आपल्यापासून दूर जातो तेव्हा तो स्वतःहून गेला असे मानणे आपल्याला फार सोपे जाते.

२०२२च्या नाताळानंतरची गोष्ट. माझी मुलगी आमच्या चर्चच्या गायनवृंदात गाते. मध्यरात्रीच्या मिस्सेचे तिने ध्वनिमुद्रण केले होते. थंडीमुळे पप्पांना त्या रात्री जाता आले नव्हते, म्हणून सकाळी तिने ते त्यांना फोनवर ऐकवले. शेवटपर्यंत ऐकून पप्पांनी विचारले, “या वर्षी सगळ्या मुलीच गायल्या का? पुरुष कुणी नव्हते?”

मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. गायनवृंदात सहा पुरुष होते आणि सहाही जण पुरेशा मोठ्याने गायले होते.

महिनाभराने कानाच्या डॉक्टरांनी त्या प्रश्नाचे उत्तर दिले. वय वाढते तशी ऐकण्याची शक्ती वरच्या पट्टीकडून ओसरू लागते. स, श, फ, त ही व्यंजने बरीचशी त्या वरच्या टापूत असतात, म्हणून वृद्धांना आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाहीत. आता फोनचा स्पीकर पाहा. नखाएवढा तो पडदा हवा ती किती हलवणार? खर्जातला आवाज त्यातून जवळजवळ निघतच नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला शंभर-दीडशे कंपनांच्या आसपास असतो. आपला तरुण कान वरच्या उपस्वरांवरून तो स्वर मनातल्या मनात भरून काढतो. पप्पांच्या कानांनी वरचे गमावले होते, फोनने खालचे दिलेच नव्हते. उरली होती मधली एक अरुंद पट्टी. विरक्ती वगैरे काही नव्हती. आम्ही त्यांना ऐकू जाईल असे काही ऐकवतच नव्हतो.

डॉक्टरांनी श्रवणयंत्राचा सल्ला दिला आणि बऱ्याच विनवण्यांनंतर पप्पांनी तो मानला. घरातल्या संगीतासाठी मात्र मी एक नवा ब्लूटूथ स्पीकर घेण्याचे ठरवले. जुन्या जोडीसाठी भंगारवाल्याशी बोलणेही झाले. तो वजनावर भाव करीत होता. तेव्हा मुलगी म्हणाली, “डॅडी, यांना गाणं पाठवणारं कुणी उरलं नाही, एवढंच झालंय ना? मग पाठवणारा आणू या. यांना कशाला घालवता?”

तिचे म्हणणे खरे होते. कॅसेट डेक मेला होता. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नव्हे. मधला दुवा तेवढा तुटला होता. आधी गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने आतले दोन सुकलेले कपॅसिटर बदलले आणि आवाजाच्या खरखरणाऱ्या बटणात साफ करण्याचा फवारा मारला. स्पीकरच्या कागदी शंकूची कड कापडी होती म्हणून ती शाबूत राहिली; फोमची असती तर एव्हाना तिचा भुगा झाला असता, असे तो म्हणाला. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा हे काम वाचकांनी हौसेखातर स्वतः करू नये.

मग ब्लूटूथ रिसीव्हर आला. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी ती डबी. फोनकडून हवेतून आलेले आकडे ती झेलते, आतल्या छोट्याशा भागात त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते आणि लाल-पांढऱ्या तारांनी त्या लहरी ॲम्प्लिफायरकडे सोपवते. मुलीने फोनची आणि तिची ओळख करून दिली तशी डबीवर निळा दिवा लुकलुकला.

“ब्लूटूथ म्हणजे निळा दात ना? हे कसलं नाव?” पप्पांनी विचारले. मला ठाऊक नव्हते. मी ते नंतर वाचून त्यांना सांगितले. १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्याने या तंत्रावर काम सुरू केले. १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी त्याला तात्पुरते म्हणून दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव सुचवले, आणि तेच कायम झाले. हॅराल्डने डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणले, तसे हे तंत्र संगणक आणि फोन यांना जोडील, ही त्यामागची कल्पना. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांच्या दोन प्राचीन रून लिपीतील खुणा एकत्र करून आजचे बोधचिन्ह झाले. डेन्मार्कमधील येलिंग गावी या राजाने उभारलेली शिळा अजून आहे. तिच्या एका अंगावर ख्रिस्ताची आकृती कोरली आहे, आणि आपण डेन लोकांना ख्रिस्ती केले असे राजा लेखात सांगतो. पण ती शिळा त्याने उभारली ती आपल्या आईवडिलांच्या, थायरा आणि गोर्म यांच्या स्मरणार्थ. हे ऐकून पप्पा काही बोलले नाहीत. मी मात्र भंगारवाल्याशी केलेले बोलणे आठवून थोडा ओशाळलो.

आता तारा जोडायच्या होत्या. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे छिद्रांची रांग होती: फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स. आपल्याला फोनच तर जोडायचा आहे, असा विचार करून मी ‘फोनो’ निवडले. गाणे लागताच स्पीकरमधून असा काही जाड, फाटका, गुरगुरता आवाज बाहेर पडला की शेजारचे कुत्रे उठून उभे राहिले. मी डबीला दोष दिला, मग स्पीकरना दिला. वस्तू जुनी झाली, आता काय व्हायचे, असेही म्हणून टाकले.

व्हरांड्यातून पप्पांचा आवाज आला. “अरे, ते रेकॉर्डचं तोंड आहे. टेप लागायचा तिथं लाव.”

त्यांचे अक्षरशः बरोबर होते. फोनो म्हणजे फोनोग्राफ. रेकॉर्डवरील सुईकडून येणारा संदेश व्होल्टच्या काही हजारांश भागांइतका क्षीण असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचा स्वर अधिक केलेला असतो. फोनोचे छिद्र तो संदेश शेकडो पटींनी वाढवते आणि खर्ज पुन्हा भरते. माझी डबी तिथे एक-दोन व्होल्ट ओतत होती! तारा ‘टेप’मध्ये लावल्या आणि खोलीत संगीत उभे राहिले. छत्तीस वर्षांपूर्वी नव्हे, परवाच आणल्यासारखे. गेले दोन आठवडे आम्ही बापलेक त्या यंत्राभोवती खटपट करीत होतो, आणि त्याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस दहा पावलांवर बसला होता. त्याला विचारावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

त्या दिवसापासून पप्पांनी आपली खुर्ची ओटीवर आणली आणि उरलेले काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. बारीक गुणगुण येते, ही तक्रार त्यांची. डबीचा स्वस्त चार्जर बदलताच ती गेली. मायक्रोवेव्ह सुरू झाला की गाणे तुटते, हेही त्यांनीच हेरले. भट्टीच्या लहरी आणि ब्लूटूथच्या लहरी दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या. डबी कपाटाच्या आडून काढून मोकळ्या जागी ठेवल्यावर तो त्रास मिटला. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमीजास्त करायचे ते ॲम्प्लिफायरवरून, हा नियम झाला. वरच्या स्वरांचे बटण पप्पांच्या कानांसाठी दोन घरे पुढे सरकले, ते आजही तिथेच आहे.

थोड्या दिवसांनी मी अधिक चांगली डबी घेतली. ब्लूटूथचा रस्ता अरुंद, म्हणून ध्वनी आवळून पाठवावा लागतो. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतात. एसबीसी या मूळ पद्धतीत सर्वसाधारणपणे ३२८पर्यंत मावतात, तर एलडीएसी या पद्धतीत ९९०पर्यंत. मात्र ती पद्धत फोन आणि डबी या दोघांनाही अवगत असावी लागते. नसल्यास दोघे मुकाट्याने एसबीसीवर उतरतात. आयफोन एलडीएसी जाणत नाही, तो एएसी वापरतो. म्हणून आपला फोन पाहून मगच डबी घ्यावी. खरे सांगायचे तर या पद्धतींतील फरकापेक्षा आकड्यांच्या लहरी करणारा तो भाग चांगला असण्याचा फरक मला अधिक जाणवला.

एका बाबतीत मात्र तार ती तारच. २०२३च्या पावसाळ्यात पप्पांचे गुडघे धरले आणि त्यांना चर्चला जाणे जमेना, तेव्हा रविवारची मिस्सा टीव्हीवर लागू लागली. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने ॲम्प्लिफायरला दिला, तर फादरांचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. आवळणे, पाठवणे, उलगडणे यात सेकंदाचा थोडासा अंश जातोच. गाण्यात ते कळत नाही, चेहरा समोर असला की खटकते. शेवटी टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत साधी तार ओढली आणि ओठांना शब्द मिळाले.

पहिल्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. तारा बरोबर जागी लागल्यावर मुलीने नाताळचे तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. पप्पा डोळे मिटून ऐकत होते. पुरुषांचे स्वर खालून वर आले आणि त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर क्लॅरिनेटच्या चाव्यांवर फिरावीत तशी फिरू लागली. गाणे संपले.

“तुमचा एक खर्जवाला मागे राहतो,” ते म्हणाले.

मला वाटले, ब्लूटूथचा दोष असणार. मी तसे बोलून दाखवले.

“यंत्र मागं राहिलं तर सगळेच मागं राहतील,” पप्पा म्हणाले. “हा एकटाच राहतो. त्याला सांगा, शेजाऱ्याकडे कान दे.”