पैनगंगेपासून मुसीपर्यंत

उमरखेडहून हदगावकडे जाताना पैनगंगेचा पूल लागतो. आमच्या शाळेतली मुलं या पुलावरून मामाच्या गावाला, लग्नाला अनेकदा गेलेली. पण हीच नदी एकेकाळी इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांच्यातली हद्द होती, हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतलं, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात.

म्हणून आम्ही सहलीसाठी हैदराबादचं सालारजंग म्युझियम निवडलं. पूर्वी एकदा नेलं होतं, तेव्हा चूक आमचीच झाली. सगळी दालनं घाईघाईत दाखवली. परतल्यावर मुलांना आठवत होतं फक्त ते मोठं घड्याळ, ज्यातला छोटा पुतळा तासाला बाहेर येऊन घंटा वाजवतो. एका पालकांनी विचारलं, "एवढा खर्च घड्याळासाठीच केला का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

या वेळी आठवडाभर आधी वर्गात तयारी केली. नीट पाहायच्या गोष्टी दोनच ठरवल्या. प्रत्येकाच्या हाती वही आणि पेन्सिल.

पहिली गोष्ट, कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती. रोज नस्तालिक लिपीत उर्दू लिहिणारी मुलं कूफी अक्षरांसमोर थबकली. "सर, हे वाचता का येत नाही?" लिपीचाही इतिहास असतो, हा धडा फळ्यावर इतका सोपा झाला नसता.

दुसरी, पडदानशीन रेबेका. इटालियन शिल्पकार बेंझोनीने घडवलेली ही संगमरवरी मूर्ती. पडदा दगडाचाच, तरी आतला चेहरा दिसतो. मुली कितीतरी वेळ हलल्या नाहीत. मग आम्ही सांगितलं, ही मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये युरोपच्या प्रवासात घेतली. वऱ्हाड गेलं त्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी ते निजामाचे दिवाण झाले होते. वऱ्हाड परत मिळावं म्हणून ते पुढे वर्षानुवर्षं झटले. इंग्लंडला गेले तेव्हाही मनात तीच आशा होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "मूर्ती आली, वऱ्हाड आलं नाही." आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. तिच्या अब्बांनी तिला सहलीला पाठवायला आधी नकार दिला होता.

पालकांना एवढंच सांगणं आहे: हे म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तेव्हा जुम्मा मक्का मशिदीत अदा करा आणि शनिवारी तिथे जा. एवढं लांब जमत नसेल, तर नागपूरचा १८६३ साली सुरू झालेला अजब बंगला आहेच. कुठेही जा, पण थोडं पाहा, थांबून पाहा आणि मुलांना विचारू द्या. मुलींनाही न्या.

परतताना पहाटे पैनगंगेचा पूल आला. अर्धी मुलं झोपेत होती. मागून एकाचा आवाज आला, "सर, म्हणजे सालारजंगांना आपलं गाव परत हवं होतं?"