वाढणारीण

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे सगळी मंडळी जमली की वाढायला उभी राहते ती थोरली वहिनी. कोणाची चकली संपली, कोण लाजून मागत नाही, हे तिला न सांगता कळते. स्वतः खाते सर्वांच्या शेवटी. बास्केटबॉलमधला गार्ड म्हणजे काय, हे मला उशिरा का होईना, वहिनीमुळेच उमगले.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी शाळेच्या मुलींचा संघ निवडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. ठाकुर्ली पडले रेल्वेचे गाव. रेल्वेत खेळावर नोकरी लागते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. चेन्नईच्या अनिता पॉलदुराईने एकोणिसाव्या वर्षीच ते पद सांभाळले आणि 2021 साली तिला पद्मश्री मिळाली. अशा मुलींची पुढची पिढी शेवटी कुठल्या तरी शाळेच्या मैदानातूनच निघायची!

गार्डची एक जागा होती आणि मुली दोन. एक उंच, नेम अचूक. दुसरी ठेंगणी, सारखी दुसरीकडे चेंडू देणारी. मी उंचीला भुललो.

सामन्यात घात झाला. चेंडू 8 सेकंदांत मैदानाचा मध्य ओलांडायचा असतो. समोरच्या दोघी अंगावर धावून आल्या की आमची उंच पोर गांगरून जाई. माझ्या शेजारी बाकावर ती ठेंगणी बसली होती. आपल्याशीच पुटपुटत होती, "डावीकडे, डावीकडे..." मी पाहिले, तर डावीकडे खरोखरच आमची एक मुलगी मोकळी उभी होती. तीनदा असे झाले. आम्ही हरलो.

दुसऱ्याच आठवड्यात ठेंगणीने खेळ सोडला. मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "सर, ती बसत नाही, असं तुम्हीच ठरवलंत ना? मग आम्ही शिकवणी लावली."

उत्तर नव्हते. "चूक माझी झाली," एवढेच मी म्हणालो. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत हे वाक्य मी पालकांपुढे प्रथमच उच्चारले असेन.

ते काही बोलले नाहीत. पण सोमवारी पहाटे मैदानावर ती माझ्या आधी हजर होती. शिकवणी संध्याकाळी होती म्हणे!

यंदा फराळाला मी वहिनीला आधी बसवले आणि स्वतः वाढायला उठलो. दोघांच्या ताटात लाडू वाढायचे राहिलेच.