रेंडर चालू, आजोबा झोपलेले

चि. सोनूस,


तू पाठवलेले कूलरचे फोटो पाहिले. रायजिनटेकचा मॉर्फियस, बारा हीटपाइप, आणि तो तुझ्या मैत्रिणीचा भाऊ जर्मनीहून येताना बॅगेतून आणणार. बेत चांगला आहे, पण माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुला चिडून वाचता येईल. तो मागवू नकोस. त्या खोक्यात पंखे येतच नाहीत. बारा नळ्या आणि पत्र्यांचा ढीग तेवढा येतो, १२० मिलिमीटरचे दोन पंखे वेगळे विकत घ्यावे लागतात. माझं म्हणणं एवढंच की तू फक्त ते दोन पंखे घे. बाकीचं तुझ्याकडे आधीच आहे.

का, ते सांगतो. दिवसभर मी चाकणला गाड्यांचे रेडिएटर तपासतो, त्यामुळे फिन आणि हवा यांच्याबद्दल थोडं बोलण्याचा अधिकार मला आहे असं मी समजतो. ताई म्हणते, तू घरातही तेच बोलतोस. असो.

तुझं आरटीएक्स २०६० हे २०१९च्या जानेवारीत आलेलं ग्राफिक्स कार्ड. पूर्ण भारावर ते १६० वॅट खातं आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक वॅट उष्णता होऊन बाहेर पडतो. त्यातला मोठा वाटा ४४५ चौरस मिलिमीटरच्या चिपमधून, म्हणजे जेमतेम एकवीस मिलिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यातून, निघतो. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांनी फिनमध्ये पसरवायची हे काम कंपनीचा मूळ हीटसिंक बऱ्यापैकी करतो. तो वाईट नाही. वाईट आहेत त्याच्यावरचे दोन छोटे पंखे. मी आलो होतो तेव्हा मापले, पात्यांचा व्यास ८५ मिलिमीटर भरला. रात्री तू व्ह्यू रेंडरला लावलास की ते चोवीसशे फेऱ्यांवर जातात आणि बाहेरच्या खोलीत आजोबा कूस बदलतात.

पंख्यांचे नियम आमच्याकडे पाठ असतात. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज साधारण अर्धा वाटतो, तेव्हा पंधरा म्हणजे फार झाले. दुसरा नियम आकाराचा. एकाच घडणीचे पंखे असतील तर हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२० भागिले ८५, त्याचा घन केलास तर २.८ येईल. म्हणजे तुझे छोटे पंखे चोवीसशे फेऱ्यांत जेवढी हवा ढकलतात, तेवढी मोठे पंखे कागदावर साडेआठशे फेऱ्यांतच ढकलतील. तुला हवी असलेली शांतता या एका भागाकारात आहे.

मात्र त्याच कागदावर एक वाईट बातमीही आहे, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. हवा तेवढीच मिळाली तरी तिचा दाब साधारण पावपट उरतो. कंपनीचे हीटसिंक छोट्या, जोरकस पंख्यांसाठी केलेले असतात, म्हणून त्यांच्या फिन दाट असतात. दाट फिनमधून हवा शिरायला दाब लागतो. मॉर्फियससारख्या कूलरच्या फिन विरळ असतात त्या याचसाठी, संथ पंख्यांची हवा त्यातून सहज निघून जावी म्हणून. तेवढ्यापुरतं तुझं म्हणणं बरोबर आहे. पण यावर उपाय स्वस्त आहे. कॅबिनेटच्या मागे लावतात तसा नुसता हवा फेकणारा पंखा घ्यायचा नाही, रेडिएटरवर लावतात तसा दाबाचा घ्यायचा, आणि साडेआठशेऐवजी हजार-अकराशे फेऱ्या मंजूर करायच्या. आर्क्टिकचा पी-१२ पुरे आहे. नॉक्टुआचा तपकिरी पंखा जास्त चांगला आहे यात वाद नाही, पण त्याच्या एका पंख्याच्या पैशांत पी-१२ची जोडी येऊन वर काही उरतं, आणि तू अजून कमावत नाहीस.

कार्डाचा आवाज कमी करायचं हे खूळ माझं एकट्याचं नाही. २००३ साली एनव्हिडियाने जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे कार्ड काढलं. ते इतकं घोंघावायचं की लोकांनी त्याचं नाव हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरवरून ‘डस्टबस्टर’ पाडलं. शेवटी कंपनीच्या लोकांनीच स्वतःची टर उडवणारी एक फिल्म केली, तीत पालापाचोळा उडवायच्या यंत्रावर हा कूलर बसवलेला दाखवला होता. त्या काळात कार्डाला वेगळा कूलर बसवणं हा खरा धंदा होता. झालमनची तांब्याची फुलं, आर्क्टिकचे ॲक्सेलेरो, लोक हौसेने बसवायचे. पुढे कार्ड कंपन्यांनीच मोठे कूलर द्यायला सुरुवात केली, प्रत्येकाचा बोर्ड वेगळा झाला आणि एक कूलर सगळ्यांना बसेना. २०२१ मध्ये असूसने नॉक्टुआबरोबर आरटीएक्स ३०७० काढलं, त्यावर सरळ १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवलेले होते. जाडी ४.३ स्लॉट! दिसायला अगडबंब, पण कारखान्यानेच शेवटी तेच केलं जे आपण देहूरोडला केबल टाय लावून करणार आहोत.

पाण्याचा कूलर घेऊ का, असंही तू विचारलंस. चाकणच्या ज्या कारखान्यात पल्सर बनते त्याच कारखान्यात केटीएमची ड्यूकही बनते. पल्सरच्या बऱ्याच इंजिनांना नुसत्या फिन पुरतात, ड्यूकला रेडिएटर लागतो. पाणी उष्णता खात नाही, दुसरीकडे नेऊन सोडतं, आणि तिथेही शेवटी फिन आणि पंखाच असतो. पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली परम ब्रह्म हा महासंगणक बसवला, त्यात द्रव थेट चिपच्या अंगावर नेला आहे, कारण तिथे कपाटाकपाटांत उष्णता कोंबलेली असते. तुझ्या १६० वॅटांसाठी पंप, नळ्या आणि आणखी एक बिघडणारी वस्तू घरात आणायची काही गरज नाही.

आता मुख्य अडचण. ती कार्डात नाही, तुमच्या खोलीत आहे. कूलरची जी परीक्षणं तू वाचतेस ती वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. तसं तापमान तुमच्या घरी असतं कधी? पंचवीस डिसेंबरच्या सुमारास, बाबासाहेबांनी १९५४ साली बुद्धमूर्ती बसवली त्या दिवसासाठी देहूरोडच्या धम्मभूमीवर माणसं लोटतात तेव्हा. तुझी कॉलेजची ज्युरी, जिच्यासाठी हे व्ह्यू रेंडर होतात, ती आहे मेमध्ये. वर पत्रा, भिंती दिवसभर तापलेल्या, रात्री अकरालाही खोली चौतीस-पस्तीसवर. हवेने थंड होणारी कुठलीही वस्तू खोलीच्या तापमानाच्या वर अमुक इतके अंश, असं वागते. परीक्षकाकडे एकवीस अंशांत ६५ दाखवणारं कार्ड तुझ्याकडे ७९ दाखवेल, आणि त्यात कूलरचा काही दोष नसेल. ८३च्या आसपास ते स्वतःच वेग आवळायला लागतं. म्हणून परीक्षणातला आकडा पाहून हुरळू नकोस. त्या आकड्यातून तिथल्या खोलीचं तापमान वजा कर आणि आपलं मिळव.

त्यामुळे पंख्यांच्याही आधी एक फुकटचं काम करायचं आहे. उष्णता काढत बसण्यापेक्षा ती निर्माणच कमी करायची. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा व्होल्टेज खाली आण. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गावर चालते, त्यामुळे त्याच वेगाला १ व्होल्टऐवजी ०.८५वर ती टिकली तर तिच्या वाट्याची वीज पाव भागाहून जास्त घटते. प्रत्येक चिप सारखी नसते. थोडं थोडं उतरव, मधे एक लांब रेंडर चालवून बघ, अडखळली तर एक पायरी वर ये. वेगही थोडा उतरवावा लागला तर एका फ्रेमला चार-पाच सेकंद जास्त लागतील. लागू देत.

बसवायचं काम आपण दोघं मिळून करू, पण कसं ते आधी डोक्यात ठेव. कार्ड काढायच्या आधी दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज उतरवायची. तुझ्या कार्डाच्या प्लास्टिकच्या आवरणाचे काही स्क्रू हीटसिंकच्या खालून आहेत, त्यामुळे हीटसिंक उचलावाच लागेल. सरळ ओढायचा नाही. किंचित डावी-उजवीकडे फिरवून सुटा करायचा, कारण पंख्याची वायर आत गुंतलेली असते आणि तिचा कनेक्टर नाजूक असतो. एकदा उचललाच आहे तर पेस्ट बदलूनच ठेवायची. कार्ड सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने त्यावर काय काय केलं देव जाणे.

इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला फरक लक्षात घे. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, मधोमध ठिपका दिला तरी चालतं. कार्डाची चिप उघडी असते. तिचा एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथेच तापते, म्हणून पेस्ट चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवायची. ही चिप ठिसूळही असते. हीटसिंक टेकवताना तिरका बसला तर कोपरा उडतो. चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे, आमच्याकडे इंजिनचं हेड आवळतात तसे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही.

मेमरीच्या सहा चिप आणि पॉवरचे भाग यांच्यावरचे पॅड फाटले नसतील तर हात लावायचा नाही. मॉर्फियस नको म्हणण्याचं आणखी एक कारण हेच. तो बसवला की या चिपवर नखाएवढे हीटसिंक टेपने चिकटवावे लागतात. उन्हाळ्यात टेप सैल होते, एखादा तुकडा सुटून खाली बोर्डवर पडला तर कार्ड जातं. मूळ हीटसिंकमध्ये त्यांची सोय आधीच केलेली आहे, ती कशाला मोडायची?

पंखे फिनवर टेकवून केबल टायने बांधायचे. फ्रेमवरचा बाण फिनच्या दिशेने. पंख्याच्या कडा आणि फिन यांच्यात फट राहते तिथे फोमची पट्टी लावायची. हवा आळशी असते, दाट फिनमध्ये शिरण्याऐवजी फटीतून निघून जाते, आणि हौशी लोक नेमकी ही पट्टी विसरतात. कार्डावरचा पंख्याचा कनेक्टर बारीक असतो, नेहमीचा चार पिनांचा त्यात बसत नाही. बदलणारी वायर मिळते. नाही मिळाली तर पंखे मदरबोर्डला जोडू आणि फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यांना कार्डाचं तापमान बघून चालवेल. मात्र तसं केलं तर बायोसमध्येही किमान वेग ठेवायचा, म्हणजे सॉफ्टवेअर अडकलं तरी पंखे थांबणार नाहीत.

वेगाची रेघ आखताना आजोबांचा विचार कर. इतकी वर्षं डेपोत काम केलेला आणि रेल्वेलाइनच्या कडेला राहिलेला माणूस मोठ्या आवाजाने उठत नाही. रात्रीची मालगाडी जाते तेव्हा ते घोरत असतात. त्यांना उठवतो तो बदल. पंखा थांबला, मग एकदम सुटला, पुन्हा थांबला, हे कंपनीच्या सेटिंगमध्ये होतं, कारण पन्नास-साठ अंशांखाली पंखे बंद ठेवून शांततेची जाहिरात करता येते. ते बंद कर. सातशे फेऱ्यांवर कायम चालू ठेव आणि वर चढताना वेग हळूहळू चढेल असं बघ. सलग घरघर कान दहा मिनिटांत विसरतो. रेंडरच्या वेळी जी बारीक किणकिण तुला ऐकू येते ती पंख्याची नाही, बोर्डवरच्या कॉइलची आहे. कुठल्याच कूलरने ती जाणार नाही. पण वयानुसार वरचे सूर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे आजोबांना तिचा पत्ताही नसेल. ती तुझी तू सोस.

कार्डातून निघालेली गरम हवा आता कॅबिनेटमध्येच सुटणार, म्हणून मागचा पंखा चालू हवा आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे. तळवड्याच्या रस्त्याचे ट्रक आणि किवळे-रावेतची बांधकामं यांची धूळ तुमच्याकडे येतेच. महिन्यातून एकदा ब्रशने झाड, पाती बोटाने धरून. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस, तिच्यात पाणी असतं, कधी तेलही.

गुरुवारी मला सुट्टी आहे, दुपारी येतो. पेस्ट, टाय आणि फोमची पट्टी मी आणतो. पी-१२ची जोडी तू मागव. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणून ठेव. ताईला सांग, जेवायला थांबणार आहे.

तुझा मामा

ता. क. : पंखे मागवण्याआधी कार्डाच्या खालच्या बाजूपासून कॅबिनेटच्या तळापर्यंत किती जागा आहे ते पट्टीने मोज. पंखा २५ मिलिमीटर जाड आहे आणि त्याला श्वास घ्यायला खाली निदान तेवढीच जागा हवी. कमी भरली तर १५ मिलिमीटरचे पातळ पंखे बघावे लागतील, आणि ते इतके शांत नसतात. आकडा आजच रात्री कळव.