घाटातला घ

कात्रजच्या घाटाचं नाव इंग्रजीत लिहिताना ‘घाट’ला जी-एच लावतात. सहावीतल्या एका मुलानं एसटीतून जाताना ती पाटी वाचली होती. मी फळ्यावर ‘नाईट’चं स्पेलिंग लिहिलं, तेव्हा तो उभा राहिला. “मॅडम, घाटातला जी-एच बोलतो, मग नाईटमधला का नाही बोलत?”

मी तेव्हा नोकरीत नवी होते. “तो सायलेंट असतो, पाठ कर,” एवढंच म्हणाले. तो गप खाली बसला. त्याचं ते गप बसणं मला अजून टोचतं. प्रश्न नेमका होता, आणि त्याला उत्तर होतं.

आमच्या शाळेचं गाव कामथडी, सातारा रस्त्याला लागून. इथल्या मुलांची इंग्रजीशी पहिली ओळख पुस्तकाआधी रस्त्यावर होते. ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाईट’, कुठं ‘राईट टर्न’, कुठं ‘लाईट’, आणि ‘हायवे’ या शब्दात तर तो जी-एच रोजच समोर. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली, त्यामुळे मुलं वाचायला घाबरत नाहीत. अडतात ती स्पेलिंगला. मला स्वतःला शाळेत चुकलेलं स्पेलिंग शंभरदा लिहायला लावत. हात दुखायचा, शब्द मात्र परका तो परकाच राही.

म्हणून मी शब्द कुळानं शिकवते. सुरुवात गावापासून. कामथडी, भीमथडी, गंगथडी. थडी म्हणजे नदीचा काठ. हे कळलं की मुलं ‘पैलथडी’चा अर्थ न विचारता सांगतात. मग म्हणते, आता इंग्रजीतली एक थडी बघू: आय-जी-एच-टी. नाईट म्हणजे रात्र, साईट म्हणजे दृष्टी, ब्राईट म्हणजे लख्ख, फाईट म्हणजे झुंज, माईट म्हणजे बळ. (‘साईट’ला एक मुलगी म्हणाली, बाबा रोज साईटवर जातात. ती साईट वेगळी, तिच्यात जी-एच नाही. बांधकामामुळे हा फरक आमच्या वर्गात पटकन पक्का होतो.)

आणि मग त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर. हा जी-एच एके काळी बोलत होता. जुन्या इंग्रजीत रात्रीला ‘निख्त’सारखं म्हणत, ‘ख’ घशातून खरवडून काढलेला. नॉर्मन राजवटीनंतरच्या लेखनिकांनी त्या आवाजासाठी जी-एच लिहायला घेतलं. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि आवाज मात्र पुढच्या दोनेकशे वर्षांत विरला. काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला, टफ आणि कॉफमध्ये तो ऐकू येतो. जर्मन माणूस रात्रीला अजून ‘नाख्ट’ म्हणतो.

इथवर मुलं ऐकून घेतात. डोळे मोठे होतात ते पुढं.

मी विचारते, घरी कुणी नक्त करतं का? दोनचार हात वर येतात. आजी दिवसभर उपाशी राहते आणि रात्री एकदाच जेवते. नक्त म्हणजे रात्र. नक्त आणि नाईट एकाच मुळाचे शब्द आहेत. इंग्रजीतला मुका झालेला जी-एच म्हणजे आपल्या नक्तातला ‘क’. मग लाईट. दप्तर हलकं, या अर्थाचा लाईट म्हणजे आपला लघु, भूमितीतल्या लघुकोनातला. तिथं तर ‘घ’ जसाच्या तसा आहे! उजेडाचा लाईट निराळा, तो ‘रुच्’ या धातूचा भाऊ. डॉटर आणि दुहिता, एट आणि अष्ट हीही अशीच नाती.

अष्टाशी मी थोडी जास्त थांबते. अष्टचा अट्ठ झाला आणि अट्ठचा आठ. एक व्यंजन गळालं, जाताना आधीचा ‘अ’ लांबवून गेलं. निख्तमधला ‘ख’ही असाच आधीचा ऱ्हस्व ‘इ’ लांबवून गेला, आणि त्या दीर्घ ‘ई’चा पुढं ‘आइ’ झाला. फरक एवढाच की त्यांनी गेलेल्याची खूण कागदावर ठेवली, आपण पुसली.

आपणही काही काळ ठेवली होती. माझ्या आजोबांच्या हिशेबाच्या वहीत ‘पांच’, ‘दांत’ असं टिंब देऊन लिहिलेलं आहे. ते टिंब कुणी उच्चारत नव्हतं. पञ्चातला ‘ञ’, दन्तातला ‘न’ इथं होता, एवढंच ते सांगत होतं. 1962 मध्ये शासनानं मान्य केलेल्या लेखन-नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. लिहिणाऱ्यांचा त्रास वाचला, ते योग्यच झालं. तरी ती वही मी वर्गात नेते आणि मुलांना टिंबावरून बोट फिरवू देते.

अपवादही लपवत नाही. डिलाईटमध्ये जी-एच कधी बोललाच नव्हता. शब्द फ्रेंचकडून आला आणि लाईटच्या संगतीनं त्याला ती अक्षरं चिकटली. मुलांना हा शब्द फार आवडतो, आणि तो परीक्षेत कुणाचा चुकत नाही.

मागच्या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर फाट्यावर उभी होते. सातवीतली एक मुलगी बाजूला होती. समोरून ट्रक गेला, मागे पेंटरनं नाईट लिहिलेलं: एन-आय-टी-ई. ती ट्रक लांब जाईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, यानं टिंब काढलं.”