तिसरी बॅच

खो-खोचा संघ नऊ जणींचा, पण संरक्षणाला एका वेळी तिघीच मैदानात उतरतात. त्या बाद झाल्या की पुढच्या तिघी, मग उरलेल्या तिघी. आम्ही त्याला बॅच म्हणतो. पहिली बॅच कशी खेळते हे सगळं मैदान बघतं. मी मात्र चोरून तिसऱ्या बॅचकडे बघत असतो. सवयच लागली आहे, आणि ती एका पोरीच्या पायाच्या मोलाने लागली.

डिसेंबरातली स्पर्धा होती, एका तालुक्याच्या गावी. सामना आठचा. मी साडेसातलाच पोरींना पळवून घाम काढला आणि स्वतःवर खूश झालो. मग पाहुणे आले. दीपप्रज्वलन, नारळ, शाल, हार, मनोगत, आणि मनोगतातून निघालेलं दुसरं मनोगत. पोरी रांगेत उभ्या, अंगात पातळ टी-शर्ट, बालाघाटाच्या माथ्यावरचं गार वारं. पाऊण तास गेला. नाणेफेकीनंतर आमच्याकडे संरक्षण आलं. पहिल्या बॅचने चार मिनिटं काढली, दुसरीने अडीच. टाळ्या पडत होत्या, मीही वाजवत होतो. आमच्या खेळात ही गंमतच आहे, पुढच्या पोरी जितक्या छान खेळतात तितक्या मागच्या गार होत जातात. तिसऱ्या बॅचमधली एक जण उतरली, खांबाजवळ हुलकावणी द्यायला तिने पाय रोवला आणि तिथंच मांडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी धरून बसली.

"सर, आत कायतरी तुटल्यावाणी झालं."

तिचा तो हंगाम गेला. संध्याकाळी घरी सोडायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "आता नशिबाला काय करायचं, सर?" मी चहा पिऊन परत आलो. नशिबाचा काही संबंध नव्हता हे मला ठाऊक होतं.

वॉर्म-अप म्हणजे सामन्याआधी उरकायचं काम, असं तोवर मी धरून चाललो होतो. अंग तापतं म्हणजे खरोखरच तापतं. पळायला लागलं की स्नायूंकडे रक्त वाढतं, त्यांचं तापमान चढतं, मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून लवकर पोचतो, सांध्यांतलं वंगण पातळ होतं. आणि जे तापतं ते निवतंही. २००४ मध्ये डेन्मार्कच्या फुटबॉलपटूंवर झालेला एक अभ्यास नंतर माझ्या वाचनात आला. मध्यंतरात नुसते बसून राहिलेल्यांच्या मांडीच्या स्नायूचं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं आणि त्यांचा वेगही घटला. मध्यंतर संपायच्या आत जे थोडं पळून आले त्यांचा वेग टिकला. वाचताना मला ते मंडपातलं दुसरं मनोगत आठवलं.

आमच्या वेळी वॉर्म-अप म्हणजे पाय पसरून बसायचं, अंगठे धरायचे आणि सर वीस म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. गार अंगाला असा ताण देऊन तो बराच वेळ धरला तर उडी आणि पळ थोडी मंदावतेच, म्हणून तो प्रकार मी आता सराव संपल्यावर घेतो. सुरुवात मैदानाभोवतीच्या दोन सावकाश फेऱ्यांनी. बोलत पळा म्हणतो. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. मग गुडघे वर, टाचा मागे, आडव्या उड्या, नागमोडी पळ.

त्यानंतरचं काम खास खो-खोचं. आक्रमणात आठ जणी चौकात उकिडव्या बसतात, शेजारणीच्या उलट दिशेला तोंड करून. पाठीवर खो पडला की त्या बसल्या जागेवरून सुटायला हव्यात. सगळा भार घोटे, पोटऱ्या आणि जांघांवर. म्हणून उकिडवं बसून उठणं, आधी हळू, मग झटक्यात. त्यानंतर एका हाताने खांब धरून गर्रकन वळणं, दोन्ही बाजूंनी. उजव्या हाताच्या पोरी डावीकडचं वळण चुकवायला बघतात, तिथं डोळा ठेवावा लागतो. शेवटी पूर्ण वेगाच्या तीन-चार धावा. एवढ्याला वीस मिनिटं जातात.

पोरींना ती वीस मिनिटं नको असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे सारिका काळे असते, आमच्या धाराशिवचीच. २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात अश्विनी शिंदे होती, तीही इथलीच. तेव्हा नवी आलेली प्रत्येक पोर पहिल्याच दिवशी म्हणते, "सर, आकाशीय सूर शिकवा." हवेत झेपावून गडी टिपायचा तो डाव. वॉर्म-अप शिकवा असं अजून एकीनेही म्हटलेलं नाही. मी त्यांना नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची गोष्ट सांगतो. तिथेही असाच वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप लावला, आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्या ऐकून घेतात. मग विचारतात, "आणि सूर कधी?"

एक गोष्ट मात्र आता सांगावी लागत नाही. नियम असा की एक बॅच संपल्यावर दोन खो जायच्या आत पुढचीने मैदानात यायचं. दोन खो म्हणजे डोळ्याचं पातं लवायचा अवकाश, त्यात बुटाची नाडीही बांधून होत नाही. म्हणून चालू बॅचमधली दुसरी बाद झाली की पुढच्या तिघी आपणहून उठतात आणि रेषेबाहेर नाचायला लागतात. तिसऱ्या बॅचला तर मी मुळात बसूच देत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा एक उद्घाटन रंगलं. पाहुणे माइक सोडेनात. रांगेत शेवटच्या तिघी टाचांवर खाली-वर होत होत्या, मधूनच गुडघा छातीशी घेत होत्या. संयोजकांपैकी एक जण माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "सर, पोरींना जरा शिस्त लावा. पाहुणे बघतायत."

मी हो म्हटलं आणि पोरींकडे बघितलंच नाही.